निसर्ग छायाचित्रण : बटण दाबण्यापूर्वीचे निर्णय

निसर्गाची छायाचित्रे घेणाऱ्या बहुतेकांची एक तक्रार सारखीच असते : दृश्य प्रत्यक्षात फार सुंदर होते, पण चित्रात ते उतरले नाही. याचा दोष सहसा कॅमेऱ्याला दिला जातो आणि नव्या लेन्सची खरेदी सुरू होते. माझ्या मते कारण बहुधा वेगळे असते. आपला डोळा दृश्यावरून सतत फिरत राहतो, हवे तेवढे टिपतो आणि उरलेल्याकडे सहज दुर्लक्ष करतो. शिवाय वारा, गारवा आणि पाण्याचा आवाजही त्या अनुभवात मिसळलेला असतो. कॅमेरा मात्र चौकटीत आलेले सर्व काही निवड न करता नोंदवतो. त्यामुळे नेमके कशाचे चित्र घ्यायचे आहे, हे बटण दाबण्यापूर्वी छायाचित्रकारालाच ठरवावे लागते, आणि उभे राहण्याची जागा, लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र), शटर स्पीड (प्रकाश आत येऊ देण्याचा काळ) व फोकस या साऱ्या गोष्टी त्या एका निर्णयातून ठरवाव्या लागतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या कारकिर्दीत सापडते. १० एप्रिल १९२७ रोजी ते कॅलिफोर्नियातील योसेमिटी येथे हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर उभे होते आणि त्यांच्याजवळ चित्र उमटवण्याच्या काचेच्या अवघ्या दोन प्लेट उरल्या होत्या. पहिली प्लेट त्यांनी पिवळा फिल्टर लावून घेतली. ती घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आले की या प्लेटवर कडा जसा दिसतो तसा येईल, पण तो पाहताना मनावर जे दडपण येत होते ते येणार नाही. म्हणून शेवटच्या प्लेटसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे कृष्णधवल चित्रात आकाश जवळपास काळे होते आणि उजळलेला कडा त्यातून पुढे येतो. एक्स्पोजर (प्लेटवर प्रकाश पडू देणे) ५ सेकंदांचे होते. ते चित्र पुढे त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एक ठरले. तयार चित्र आधी मनात पाहण्याच्या या सवयीवर त्यांनी पुढे आयुष्यभर भर दिला.

ही सवय लावून घेण्यासाठी एक साधा अभ्यास पुरेसा आहे. कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी ‘मला या चित्रात काय दाखवायचे आहे’ या प्रश्नाचे उत्तर एका पूर्ण वाक्यात द्यावे. समजा, समोर धबधबा आहे. ‘धबधबा’ हे उत्तर कामाचे नाही, कारण त्यातून पुढचा कोणताही निर्णय निघत नाही. ‘काळ्या ओल्या खडकावरून दोन धारांत फुटणारे पांढरे पाणी’ हे उत्तर मात्र बरेच काही सांगून जाते. आकाश चौकटीत नको, काठावरची वाळकी फांदी नको, खडकाचा काळेपणा टिकला पाहिजे आणि पाण्याची गती दिसली पाहिजे, हे त्यातूनच ठरते. वाक्य जमत नसेल, तर थोडे फिरावे, खाली बसावे, बाजू बदलावी. बटण दाबण्यापूर्वी नजर एकदा चौकटीच्या चारही कडांवरून फिरवावी. नको असलेल्या गोष्टी बहुधा कडांवरच घुसलेल्या असतात.

प्रकाश

सूर्य क्षितिजाच्या जवळ असताना त्याचा प्रकाश वातावरणाच्या फार लांब थरातून येतो. या प्रवासात निळ्या रंगाचा प्रकाश अधिक विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबूस प्रकाश पोहोचतो. दुपारच्या उन्हाचे रंगतापमान (प्रकाशाची छटा सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितका प्रकाश पिवळा-तांबूस) साधारण ५५०० केल्विन मानतात, तर सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी ते ३५०० केल्विनच्याही खाली जाऊ शकते. ऑटो व्हाइट बॅलन्सवर (रंगांची छटा आपोआप जुळवणाऱ्या सोयीवर) ठेवलेला कॅमेरा हा उबदारपणा ‘दोष’ समजून पुसून टाकण्याचा प्रयत्न करतो. म्हणून सकाळ-संध्याकाळी व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर पक्का करावा. सूर्य उगवण्याच्या किमान अर्धा तास आधी जागेवर असावे आणि सूर्य मावळला म्हणून लगेच सामान आवरू नये. सूर्य क्षितिजाखाली सुमारे ४ ते ६ अंश असताना आकाश आणि जमीन यांच्या उजेडातला फरक खूप कमी होतो, सावल्या मऊ होतात आणि सगळ्यावर गर्द निळी छटा येते. ट्रायपॉड असेल, तर या वेळेइतकी फलदायी वेळ दुसरी नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रकाशाच्या वेळेइतकीच त्याची दिशा महत्त्वाची असते, आणि तिच्याकडे फारच कमी जण लक्ष देतात. पाठीमागून येणारे ऊन रंग स्वच्छ दाखवते, पण दृश्य सपाट करते. बाजूने येणारे ऊन झाडाची साल, वाळूच्या लाटा किंवा खडकाचा खडबडीतपणा उठावदार करते. समोरून येणाऱ्या प्रकाशात पाने आतून उजळतात आणि गवताच्या तुऱ्यांना सोनेरी कड येते. एकाच झाडाभोवती सावकाश फेरी मारून प्रत्येक बाजूने एकेक चित्र घेतल्यास हा फरक जितका पक्का समजतो, तितका तो वाचून समजत नाही.

ढगाळ दिवशी कॅमेरा घरी ठेवण्याची चूक करू नये. कडक उन्हात जंगलातल्या दृश्यात पांढरेफटक ठिपके आणि काळ्याकुट्ट सावल्या यांची गर्दी होते. ढगांमधून गाळून येणारा समान प्रकाश जंगल, फुले, शेवाळ आणि झरे यांना फार मानवतो. अशा वेळी पांढरे आकाश तेवढे चौकटीबाहेर ठेवावे.

एक्स्पोजर आणि स्पष्टतेचा पल्ला

कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून एक्स्पोजर, म्हणजे चित्राला मिळणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, ठरवते. त्यामुळे बर्फ किंवा पांढरा बगळा करडा पडतो आणि काळा खडक फिकट होतो. उपाय सोपा आहे : चौकट बहुतांशी पांढरी असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मापकाच्या निर्णयात आपण करायचा बदल) १ ते २ स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) वाढवावे, बहुतांशी काळी असेल तर सुमारे १ स्टॉपने कमी करावे. मात्र गडद पार्श्वभूमीवर लहानसा पांढरा पक्षी असेल, तर मापक पार्श्वभूमी उजळण्याच्या नादात पक्ष्याची पिसे जाळून टाकतो. तिथे एक्स्पोजर कमी करणेच योग्य. नंतर हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, पाहावा. आलेख उजव्या भिंतीला आदळून कापला गेला असेल, तर तिथला तपशील कायमचा गेलेला असतो. शक्य असेल तेव्हा रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाने) दिलेली जवळपास प्रक्रिया न केलेली माहिती, घ्यावी. जेपेग या नेहमीच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिट रॉ फाइलमध्ये १६,३८४. सूर्यास्ताच्या वेळच्या काळवंडलेल्या जमिनीतून तपशील वर काढताना हा फरक प्रकर्षाने जाणवतो.

विस्तीर्ण दृश्यात पायाजवळच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळे स्पष्ट हवे असते. अनेक जण अशा वेळी थेट डोंगरावर फोकस करतात आणि जवळचा दगड धूसर येतो. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स आणि एफ/८ अ‍ॅपर्चर (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) असताना सुमारे २.४ मीटरवर फोकस केल्यास साधारण १.२ मीटरपासून अनंतापर्यंतचा भाग समाधानकारक स्पष्ट येतो. एवढे एक उदाहरण लक्षात ठेवले तरी बरेच काम भागते. अधिक स्पष्टतेच्या आशेने एफ/२२ वर जाण्याचा मोह टाळावा, कारण फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि संपूर्ण चित्राची धार कमी होते. बहुतेक लेन्स एफ/८ ते एफ/११ च्या आसपास उत्तम काम करतात.

पाणी आणि फिल्टर

वाहत्या पाण्याला रेशमी पोत द्यायचा असेल, तर १/४ ते १ सेकंदाच्या दरम्यानचा शटर स्पीड आणि ट्रायपॉड आवश्यक असतो. याहून लांब एक्स्पोजर दिल्यास पाण्यातल्या धारा नाहीशा होऊन नुसता पांढरा पट्टा उरतो. उजेड जास्त असेल, तर एनडी फिल्टर (रंग न बदलता प्रकाश कमी करणारी काळसर काच) वापरावा. सहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे १/६० सेकंदाचे एक्स्पोजर जवळपास एक सेकंदाचे होते. कॅमेरा ट्रायपॉडवर असताना दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाच्या दाबाने होणारी थरथर टळते.

एकच फिल्टर घ्यायचा असेल, तर मी पोलरायझरची शिफारस करीन, कारण त्याचा परिणाम नंतर संगणकावर पूर्णपणे साधता येत नाही. ओल्या पानांवरची आणि खडकांवरची चकाकी तो कमी करतो आणि तिच्याखालचा खरा रंग वर येतो; ढगाळ दिवशीही हा फरक दिसतो. निळे आकाश गडद करण्याची त्याची क्षमता सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असते. तर्जनी सूर्याकडे धरून अंगठा काटकोनात ताणावा आणि मनगट फिरवावे. अंगठा ज्या ज्या दिशेकडे जातो, तिथे परिणाम सर्वांत जास्त मिळतो. याच कारणाने फार रुंद लेन्सवर आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाकीचे फिके दिसते, तेव्हा तिथे तो जपून वापरावा. इंद्रधनुष्य टिपताना फिल्टर फिरवून पाहावा, कारण एका स्थितीत धनुष्य उठून दिसते आणि दुसऱ्या स्थितीत जवळजवळ नाहीसे होते.

पशुपक्षी आणि कीटक

इथे सर्वांत मोठा फरक पडतो तो कॅमेऱ्याच्या उंचीने. जमिनीवरच्या पक्ष्याचे चित्र उभ्याने घेतले, तर मागे केवळ मातीच दिसते आणि पाहणाऱ्याचे त्या जिवाशी नाते जुळत नाही. पोटावर झोपून लेन्स त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणली, की पार्श्वभूमी दूर जाते, धूसर होते आणि पक्षी वेगळा उठून दिसतो. फोकस नेहमी डोळ्यावर असावा. बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० आणि उडत्या पक्ष्यासाठी १/२००० सेकंद अशी सुरुवात करावी, आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवावा लागला तर निःसंकोच वाढवावा. त्यामुळे चित्रात येणारे दाणे नंतर कमी करता येतात. हलल्याने झालेली अस्पष्टता सहसा दुरुस्त होत नाही.

स्वभाव ओळखणे हे वेगवान कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. पक्षी सहसा वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उडतात आणि उतरतात. म्हणून वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीकडून येतील अशी जागा निवडली, तर पक्षी आपल्याकडे तोंड करून आणि उजळलेला मिळण्याची शक्यता वाढते. मात्र प्राण्याने आपल्यामुळे खाणे थांबवले, मान ताठ केली किंवा तो वारंवार आपल्याकडे पाहू लागला, तर आपण मर्यादेपलीकडे गेलो आहोत असे समजून मागे सरावे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे, आमिष ठेवणे, घरट्यासमोरची पाने बाजूला करणे हे प्रकार मला पूर्णपणे अमान्य आहेत. उघडे पडलेले घरटे शिकारी पशुपक्ष्यांना आणि उन्हाला आयतेच सापडते, आणि त्याची किंमत पिले मोजतात.

कीटकांसाठी थंड पहाट निवडावी. चतुरासारख्या कीटकांना उडण्यासाठी अंग तापवावे लागते, त्यामुळे सूर्य वर येईपर्यंत ते पंखांवर दव घेऊन काडीवर स्तब्ध बसलेले असतात. वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटेल इतक्या जवळून चित्र घेताना एफ/११ वरही स्पष्टतेचा पल्ला जेमतेम मिलिमीटरभर असतो. म्हणून सेन्सरचे प्रतल आणि पंखांचे प्रतल समांतर ठेवावे. कॅमेरा थोडा जरी तिरका झाला, तरी एका पंखाचे टोक धूसर होते. वाऱ्याची झुळूक ओसरेपर्यंत थांबावे आणि मगच बटण दाबावे.

सराव

घराजवळची एखादीच जागा, तळे, माळ किंवा अगदी एकच झाड, निवडावे आणि वर्षभर वेगवेगळ्या ऋतूंत व वेळी तिथे जात राहावे. दूरच्या प्रसिद्ध ठिकाणी मिळालेल्या एका दिवसात जे नशिबावर सोडावे लागते, ते इथे ओळखीचे होते : धुके कोणत्या कोपऱ्यात साचते, पहिले ऊन कोणत्या फांदीवर पडते. काही दिवस एकच फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा) वापरावी, म्हणजे झूम फिरवण्याऐवजी पाय हलवण्याची सवय लागते.

घेतलेल्या चित्रांची निवड त्याच दिवशी करू नये, कारण तेव्हा तिथे पोहोचण्याचे कष्ट आणि आनंद दोन्ही ताजे असतात आणि ते चित्राच्या गुणांत गणले जातात. आठवडाभराने बसावे. जे चित्र फसले असेल, त्याचा शटर स्पीड, अ‍ॅपर्चर आणि घेण्याची वेळ फाइलमध्ये नोंदलेली असते, ती पाहावी आणि ठरवलेल्या वाक्यापासून ते नेमके कुठे दूर गेले, हे लिहून ठेवावे. फोकस चुकला, प्रकाश चुकला, की मुळात वाक्यच ठरले नव्हते? या तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत, आणि त्याच जागी पुढच्या वेळी जाताना सोबत न्यायची यादी त्यांतूनच तयार होते.