'जरी–तरी'चे इंग्रजी कसे करावे : मे, माइट, कुड आणि वुड यांचा वापर

नागपुरात आंबिया बहाराची संत्री बाजारात येऊ लागली की सीताबर्डीवरचा फळवाला गिऱ्हाइकाला हमखास सांगतो, 'साल हिरवी असेल, पण आत गोड आहे.' साल हिरवी आहे हे त्याला समोर दिसत असते, त्यामुळे त्याच्या 'असेल'मध्ये शंका मुळीच नसते. गिऱ्हाइकाचा आक्षेप तो आधी मान्य करतो आणि मग स्वतःचे म्हणणे पुढे ठेवतो. (त्याचे म्हणणे खरेही असते, साल रंगायला रात्री थंड व्हाव्या लागतात, आणि बहाराच्या सुरुवातीला तेवढा गारवा पडलेला नसतो.) इंग्रजीत हेच वाक्य 'द पील मे बी ग्रीन, बट द ऑरेंज इज स्वीट' असे होते. 'मे' म्हणजे 'कदाचित' एवढेच पाठ केलेला विद्यार्थी या वाक्याचा अर्थ 'साल कदाचित हिरवी असावी' असा लावतो आणि तिथेच चुकतो.

'ॲडव्हर्ब क्लॉज ऑफ कन्सेशन' हे नाव शाळेत आपण सर्वांनी ऐकलेले आहे. येथे कन्सेशन म्हणजे एसटीच्या पासातली सवलत नव्हे, तर समोरच्याची एखादी गोष्ट मान्य करणे होय. हे मान्य करणे मराठीत आपण रोज अचूक करतो. म्हणून इंग्रजी वाक्य रचण्यापूर्वी आपलेच मराठी वाक्य नीट ऐकावे, असा माझा आग्रह आहे. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात नियमांच्या तक्त्यापेक्षा मला याचाच अधिक उपयोग झाला आहे.

म्हणून सर्वांत आधी वाक्याचा पहिला भाग घडलेला आहे की केवळ कल्पिलेला आहे, ते ठरवावे. 'पाऊस पडत असला तरी आम्ही रामटेकला जाणार आहोत' असे म्हणणाऱ्याच्या खिडकीबाहेर पाऊस पडतो आहे, तर 'पाऊस पडला तरी आम्ही रामटेकला जाऊ' असे म्हणणाऱ्यासाठी तो अजून पडायचा आहे. पहिल्या वाक्याला 'दो', 'ऑल्दो' किंवा 'इव्हन दो' लागते आणि दुसऱ्याला 'इव्हन इफ'. 'इव्हन दो' आणि 'इव्हन इफ' यांची अदलाबदल चांगल्या लिहिणाऱ्यांकडूनही होते, आणि तिने नुसती शैली बिघडत नाही, तर अर्थच बदलतो. 'इव्हन दो ही इज इल' म्हटले की तो आजारी आहे हे आपण वाचकाला सांगून टाकलेले असते.

कल्पिलेल्या गोष्टीसाठी 'इव्हन इफ' निवडल्यावर पुढची काळजी 'विल'ची. 'इव्हन इफ इट विल रेन, वी विल गो' हे वाक्य उत्तरपत्रिकांमध्ये वारंवार भेटते, कारण पाऊस उद्याचा असल्यामुळे भविष्यकाळ हवाच असे वाटते. पण मराठीतही उद्याच्या पावसाबद्दल आपण 'पडेल तरी' म्हणत नाही, 'पडला तरी' म्हणतो. इंग्रजीही येथे भविष्यकाळ टाळते : 'इव्हन इफ इट रेन्स, वी विल गो.' पावसाची शक्यता फारच थोडी आहे असे औपचारिक लेखनात सुचवायचे असेल, तर 'इव्हन इफ इट शुड रेन' असे लिहिता येते. या 'शुड'चा 'पाहिजे'शी काही संबंध नाही.

कल्पना वास्तवापासून दूर असेल तर 'कुड' आणि 'वुड' लागतात. 'मला पुण्याला जाता आले असते, तरी मी नागपुरातच राहिलो असतो' हे वाक्य मागे वळून पाहणारे आहे; त्याचे इंग्रजी 'इव्हन इफ आय कुड हॅव गॉन टू पुणे, आय वुड हॅव स्टेड इन नागपूर' असे होते. मराठीतला 'असता' दोन्ही भागांत येतो, तसेच येथे 'हॅव'ही दोन्हीकडे येते. आजची गोष्ट असेल तर दोन्हीकडचे 'हॅव' गळते आणि 'कुड गो' व 'वुड स्टे' उरते.

आता फळवाल्याच्या 'मे'कडे परत येऊ, कारण खरी मौज तिथे आहे. या रचनेत पहिल्या भागात 'मे' किंवा 'माइट' येते आणि दुसऱ्या भागाची सुरुवात 'बट'ने होते. 'मे'च्या जागी 'कॅन' चालत नाही, कारण 'कॅन'ला क्षमता किंवा सर्वसाधारण शक्यता सांगता येते, पण समोरच्याचा मुद्दा मान्य करता येत नाही. मान्य करायची गोष्ट भूतकाळातली असेल तर 'मे हॅव' आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप लिहावे. 'विदर्भ मे हॅव वेटेड लाँग फॉर इट्स फर्स्ट रणजी ट्रॉफी, बट इट वन द सेकंड इन द व्हेरी नेक्स्ट सीझन.' २०१७-१८चा पहिला आणि लगेच २०१८-१९चा दुसरा रणजी करंडक पाहिलेल्या नागपूरकराला या वाक्यात शंका दिसणारच नाही. 'वाट फार पाहावी लागली असेल, पण' हा मराठी सूर त्याला आपोआप ऐकू येईल.

'बट' मात्र एवढ्याच रचनेत लिहावे. मराठीत 'जरी'ला 'तरी' लागतेच, म्हणून 'दो' लिहिल्यावर आपला हात 'बट'कडे वळतो. इंग्रजीला एकच जोडणारा शब्द पुरतो. 'दो द पील मे बी ग्रीन, द ऑरेंज इज स्वीट' असे लिहावे, किंवा 'दो' काढून 'बट' ठेवावे. दोन्ही एकत्र ठेवू नयेत. जुन्या व्याकरणांतले 'दो–येट' चूक नाही, पण आजच्या लेखनात ते जड वाटते. 'दो'ने सुरू होणारा भाग आधी आला तर त्याच्यानंतर स्वल्पविराम द्यावा.

शब्दक्रमाची अडचण 'कितीही' आणि 'काहीही' यांच्या वाक्यांत येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी बर्डीचा बाजार ओस पडत नाही, हे सांगताना 'हाउएव्हर हॉट इट मे बी, द मार्केट इज नेव्हर एम्प्टी' असे लिहावे. 'हाउएव्हर'ला लागून विशेषण, मग कर्ता आणि मग 'मे' हा क्रम पक्का आहे. प्रश्नासारखे 'मे इट बी' येथे कधीही करू नये. 'हाउएव्हर हॉट इट इज' हेही शुद्धच आहे आणि बोलताना तेच अधिक ऐकू येते. 'मे'ने वाक्याला थोडा भारदस्तपणा येतो, मराठीत 'ऊन कितीही असले तरी'ऐवजी 'ऊन कितीही असो' म्हटल्यावर येतो तसा. 'व्हॉटएव्हर ही मे से' याचे 'तो काहीही म्हणो', 'कम व्हॉट मे' याचे 'काहीही होवो' आणि 'बी दॅट ॲज इट मे' याचे तर सरळ 'ते असो'. आपला आज्ञार्थ आणि त्यांचा 'मे' इतके जवळ आहेत, ही गोष्ट मला आजही आनंद देते.

याच कुळातली एक रचना क्रियापदापासून सुरू होते : 'ट्राय ॲज आय माइट, आय कुड नॉट ओपन द लॉक', म्हणजे 'कितीही प्रयत्न केला तरी मला कुलूप उघडता आले नाही'. दुसरा भाग भूतकाळात असेल तर 'माइट'च घ्यावे, वर्तमानात असेल तर 'मे' किंवा 'माइट' दोन्ही चालतात. ही रचना वाचताना ओळखू आली तरी पुरे; लिहिताना तिचा सोस नको.

पत्रलेखनासाठी मात्र 'मच ॲज आय वुड लाइक टू' जरूर शिकावे. लग्नाचे निमंत्रण आले आहे आणि त्याच दिवशी परीक्षा आहे, अशा वेळी 'आय कॅनॉट कम' एवढेच लिहिले तर ते तुसडे वाटते. 'मच ॲज आय वुड लाइक टू अटेंड द वेडिंग, आय हॅव ॲन एक्झाम ऑन दॅट डे' या वाक्यात 'यायची कितीही इच्छा असली तरी' हा आपला सगळा ओलावा उतरतो, आणि नकार 'कॅनॉट' न लिहिताही समजतो.