मधमाश्यांसाठी वसंतात फुलणारी झाडे लावताना या चुका टाळा

हिवाळा सरताना मधमाश्यांच्या वसाहतीत अळ्यांचे संगोपन वेग घेते आणि नेमका त्याच वेळी पोळ्यातला साठा संपत आलेला असतो. अळ्यांच्या वाढीसाठी लागणारी प्रथिने परागातून मिळतात आणि उडण्यासाठी लागणारी ऊर्जा मकरंदातून मिळते, त्यामुळे या दिवसांत बहरणारे एक मोठे झाडही वसाहतीला मोठा आधार देते. तरीही मधमाश्यांसाठी म्हणून लावलेली कित्येक झाडे त्यांच्या फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण निवड करताना फुलांची शोभा पाहिली जाते, माशीच्या पदरात काय पडते ते पाहिले जात नाही.

दुहेरी फुलांच्या जाती निवडणे ही यातली सर्वांत मोठी चूक आहे. 'कान्झान' ही शोभेच्या चेरीची जात गुलाबी फुलांनी लगडते. पण अशा फुलांत पुंकेसरांचेच पाकळ्यांत रूपांतर झालेले असल्याने पराग नाममात्र असतो आणि मकरंद असला तरी पाकळ्यांच्या दाटीतून तिथपर्यंत पोहोचणे माशीला अवघड जाते. रानचेरी, सफरचंद किंवा नासपती यांची साधी पाच पाकळ्यांची, मधले पुंकेसर उघडे असलेली फुले तिच्यासाठी कितीतरी मोलाची असतात. शक्य असेल तर रोपवाटिकेत फूल प्रत्यक्ष पाहूनच रोप घ्यावे.

विलोमध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात, हेही अनेकदा ध्यानात घेतले जात नाही. नर झाडाच्या फुलोऱ्यातून पराग आणि मकरंद दोन्ही मिळतात, तर मादी झाडावर फक्त मकरंद मिळतो. बियांपासून वाढलेले रोप नर आहे की मादी हे ते फुलेपर्यंत कळत नाही, म्हणून ओळखीच्या नर झाडाची फांदी लावणे हा खात्रीचा मार्ग आहे. हेझलही लवकर फुलते. मात्र त्याचे परागीभवन वाऱ्याने होत असल्याने त्यात मकरंद नसतो आणि केवळ त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

काही झाडे तर माश्यांना अपायकारक असतात. कॅलिफोर्निया बकआयचा पराग व मकरंद मधमाश्यांसाठी विषारी आहे, त्यामुळे पोळ्यांच्या जवळपास ते मुद्दाम लावू नये.

झाड निरोगी असूनही फुलत नसेल, तर आधी छाटणीची वेळ तपासावी. वसंतात फुलणाऱ्या बहुतेक झाडांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात. हिवाळ्यात फांद्या सरसकट छाटल्या की येणारा बहरच कापला जातो. शोभेच्या झाडांची छाटणी फुले गळल्यावर लगेच करावी. फळझाडांना हिवाळी छाटणी लागतेच, पण तीत फुलकळ्यांचे आखूड दांडे राखावेत. नत्राचा जादा मारा केल्यानेही झाड पानांत वाढते आणि फुले कमी देते.

फवारणीबाबत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसात मिसळून पराग आणि मकरंदापर्यंत पोहोचते, म्हणजे बहराआधी फवारले तरी धोका टळत नाही. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या आंतरप्रवाही कीटकनाशकांच्या उघड्यावरील वापरावर युरोपीय संघाने 2018 मध्ये बंदी घातली ती याच जातीच्या धोक्यामुळे. रोप विकत घेतानाही त्यावर असे औषध वापरले आहे का, हे विचारून घ्यावे.

एकाच जातीची झाडे लावली तर दोन-तीन आठवडे मुबलक अन्न मिळते आणि मग अचानक टंचाई भासते. आधी विलो, मग चेरी, त्यानंतर सफरचंद, अशी एकाचा बहर ओसरण्याआधी दुसऱ्याचा सुरू होईल अशी निवड असावी.

फुले भरपूर असूनही माश्या दिसत नसतील, तर लगेच झाडाला दोष देऊ नये. साधारण 10 अंश सेल्सिअसखाली मधमाश्या क्वचितच बाहेर पडतात आणि पाऊस किंवा जोराचा वारा असला तरी त्या पोळ्यातच थांबतात. उबदार, शांत दुपारी पुन्हा पाहावे, आणि माती फार कोरडी असेल तर पाणी द्यावे, कारण पाण्याचा ताण पडला की मकरंद कमी होतो.