आतड्याची दुर्बीण करायची असली तर आधी भडंग लपवा

आमच्या मामांना दोन महिने जुलाब, शौचातनं रक्त, वजन उतरलेलं, तरी म्हणायचे मूळव्याध हाय. शेवटी शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट (आतड्याला सूज हाय का ते सांगणारी) केली, ५० च्या आत नॉर्मल धरतात, मामांचं त्याच्या लई वर, म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण, ठरली आणि आदल्या संध्याकाळी मामांनी भडंग खाल्लं. सकाळी दुर्बीण आत गेली तर शेंगदाण्याची फोलं सोडून काय दिसेना, परत नवीन तारीख.

तर भावांनो, कॅमेरा कितीबी भारी असू दे, निम्मी तपासणी आपल्या हातात असते. दोन-तीन दिवस आधीपासनं बिया, सालं, पालेभाजी, ठेचा, तिळाची चटणी बंद, मऊ भात, दही, अंडं चालतं. आदल्या दिवशी नुसतं गाळीव पातळ, आणि तांबडा रस्सा तर सोडाच, तांबडं-जांभळं सरबतबी नको, आत रक्तासारखं दिसतं. पोट साफ करायचं औषध निम्मं रात्री, निम्मं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी (मामांनी झोपमोड नको म्हणून सगळं रात्रीच संपवलं, तेबी चुकलंच), शेवटी फिकट पिवळं पाणी पडलं पाहिजे. लोहाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारा, मनानं बंद करू नका. पेनकिलर खात असला तर तेबी सांगा, त्यानंपण आतड्यात जखमा होतात आणि निदान भरकटतं.

डॉक्टरांना काय विचारायचं? स्कोप एचडी हाय का, आणि लहान आतड्याच्या टोकापर्यंत बघणार का, कारण क्रोन्स (आतड्याला कायमची सूज आणणारा आजार) तिथंच जास्त सापडतो. एनबीआय म्हणजे स्कोपमधला निळा-हिरवा प्रकाश, रक्त तो शोषून घेतं म्हणून बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात. निळा रंग फवारला की तो खाचाखोचांत बसतो आणि चपटा डागसुद्धा कळतो, पण हे मुख्यतः आतड्याच्या सुजेच्या आजाराला ८ वर्षं झाल्यावर कॅन्सरवर नजर ठेवायला, तेबी आजार शांत असताना, पहिल्याच खेपेला हट्ट करू नका. कॉन्फोकल नावाचा प्रकारबी हाय, शिरेतनं फ्लुरोसिन नावाचा चमकणारा रंग देऊन जागच्या जागी पेशी दाखवतो, नंतर अंग आणि लघवी पिवळी दिसते, पण ते मोजक्याच ठिकाणी.

एवढं करूनबी तपासायला आतड्याचे बारीक तुकडे (बायोप्सी) लागतातच, चांगल्या दिसणाऱ्या जागेचेपण. आपल्याकडं टीबी आणि क्रोन्स नुसत्या डोळ्यांनी ओळखायला अवघड, म्हणून बायोप्सीला नाय म्हणू नका.

आणि भुलीचं इंजेक्शन घेतलं तर त्या दिवशी गाडी चालवायची नाय. मामा दुसऱ्या खेपेला बाहेर येऊन म्हणत होते रंकाळ्याला एक चक्कर टाकून जाऊ, चावी मीच काढून घेतली.