साठीनंतरची स्तनतपासणी: विषय काढायचा कसा, करून घ्यायची कशी

बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला दवाखान्यात जाणाऱ्या आजींची स्तनतपासणी वर्षानुवर्षं राहून जाते. आजींना वाटतं, गरज असती तर डॉक्टरच बोलले असते. डॉक्टरांना वाटतं, या वयात विचारलं तर बाई संकोचतील. धोका मात्र वयासोबत वाढत जातो. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची तपासणी होते. त्यापुढे कोणी बोलवायला येत नाही, आपणच मागावी लागते.

पहिली अडचण शब्दाची. ‘छाती दाखवायची’ म्हटलं की स्टेथोस्कोप लागतो आणि काम तिथंच संपतं. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या खिडकीवर ‘छातीत त्रास’ सांगितला, तर चिठ्ठी भलत्याच विभागाची निघू शकते. ‘स्तनात गाठ आहे’ असं स्पष्ट सांगा आणि सर्जरीची ओपीडी मागा. पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना सिस्टर किंवा घरची बाई सोबत हवी. हा रुग्णाचा हक्क आहे, उपकार नव्हे. डॉक्टरांनीही आधी सांगावं: “मावशी, स्तन आणि काख तपासतो, सिस्टर इथंच थांबतील.” एवढ्यानं निम्मा संकोच जातो.

ब्लाउज पुढून उघडणारा घाला. कपड्यावरून केलेली तपासणी म्हणजे तपासणी नव्हे. आधी बसवून, हात कमरेवर आणि मग डोक्यावर ठेवून बघतात: त्वचेला खळगा, नव्यानं आत ओढलेलं स्तनाग्र, किंवा संत्र्याच्या सालीसारखी त्वचा (नागपुरात हे वेगळं समजवावं लागत नाही). मग उताणं झोपवून, त्या बाजूचा हात डोक्याखाली. मधल्या तीन बोटांचे पेर, टोकं नव्हे. लहान गोल फिरवत, प्रत्येक जागी हलका, मध्यम आणि खोल दाब. गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत, छातीच्या मधल्या हाडापासून काखेच्या मध्यरेषेपर्यंत, उभ्या पट्ट्यांत. एका बाजूला साधारण तीन मिनिटं. काख आणि गळ्याच्या हाडाची वरची बाजू बहुतेक वेळा घाईत सुटते.

मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून केलेल्या दीर्घ अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे मॅमोग्राफीचं (स्तनांच्या एक्स-रेचं) मशीन नाही म्हणून थांबायचं कारण नाही.

“दुखत तर नाही ना” हा सगळ्यात घातक दिलासा. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. एकाच स्तनाग्रातून रक्त येणं किंवा तिथली न भरणारी जखम, हेही अंगावर काढू नका.

गाठ लागली तर मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी (सुईनं गाठीचा छोटा नमुना काढून तपासणं). मॅमोग्राफीच्या दिवशी घामोळ्यांची पावडर स्तनांखाली, काखेत लावू नका. तिचे कण फिल्मवर चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि विनाकारण कॅन्सरची शंका येते. आपल्या उन्हाळ्यात ही चूक हमखास होते. सुईनं कॅन्सर पसरतो, या भीतीनं बायोप्सी टाळू नका. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर तिचं पाकीट सोबत न्या. आपल्या मनानं ती बंद करू नका.