जुनी मोटरसायकल घेताय? आधी दोरी लावून बघा

"पडली होती भाऊ, पण उभ्या-उभ्या." विकणाऱ्याचं हे वाक्य खरंही असतं. उभी गाडी आडवी झाली की हँडलचं टोक, लिव्हरची गोळी, फुटरेस्टचं रबर आणि सायलेन्सरची कड घासते. आत काही बिघडत नाही. अशा ओरखड्यांवर भाव पाडा, पण तेवढ्यासाठी गाडी सोडू नका. संशय घ्यायचा तो एकाच बाजूचा आरसा, इंडिकेटर, लिव्हर आणि फुटरेस्ट चौघेही कोरे करकरीत दिसले तर. मीटर ४० हजारांचं आणि उजवी बाजू कालची, असं आपोआप होत नाही.

सोबत ६ मीटर बारीक नायलॉन दोरी (गवंडी लाइन धरायला वापरतात ती), स्टीलची पट्टी, ओळंबा, फ्रिजवरचं साधं चुंबक, एक पेन्सिल, टॉर्च आणि वीतभर सपाट काचेचा कडा घासलेला तुकडा घ्या. नागपुरात एप्रिल-मे असेल तर सकाळी ८ च्या आत जा. नऊनंतर उन्हात कुणीच नीट वाकून बघत नाही आणि विकणाऱ्यालाही ते माहीत असतं. गाडी धुवून-पुसून ठेवू नका, असं आधीच सांगा.

समोरून बसलेली ठोकर आधी चेसिसच्या मानेत शोधा, म्हणजे ज्या नळीत हँडलचा दांडा फिरतो तिथे. टाकीखाली टॉर्च मारा. मानेतून खाली इंजिनकडे येणाऱ्या नळीवर रंगाला आडव्या बारीक सुरकुत्या, फुगवटा किंवा फक्त तेवढ्याच भागाला ताजा काळा स्प्रे दिसला, तर बाकी तपासायची गरज नाही, गाडी सोडा. कंपनीच्या वेल्डिंगच्या लाटा एकसारख्या असतात. गल्लीतल्या वेल्डिंगचे गोळे वेगळे कळतात. तिथेच हँडल अडवणारे दोन छोटे स्टॉपर असतात. एक चेपलेला, तुटलेला किंवा पुन्हा जोडलेला असेल तर हँडल कधीतरी जोरात शेवटापर्यंत फेकलं गेलं आहे. अशा वेळी टाकीवर हँडल लागल्याचा खड्डाही शोधा. तो पुट्टीने भरला असेल तर चुंबक बाकी टाकीला चिकटेल आणि तेवढ्या जागी सुटेल (टाकी पत्र्याची असेल तरच).

मग पुढचे शॉकअप. गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागून दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. हँडल दोन बोटांनी हळू फिरवा. बरोबर मध्यावर खाच लागल्यासारखं अडकत असेल तर कोनसेटच्या (मानेतल्या, हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या) वाट्यांत गोळ्यांचे खड्डे पडले आहेत. ते ठोकरीने पडतात तसे वर्षानुवर्षं खड्ड्यांतून चालवूनही पडतात, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका. शॉकअपचे रॉड बाजूने बघा: वाकतात ते बहुधा खालच्या टीच्या (दोन्ही रॉड पकडून ठेवणाऱ्या आडव्या पट्टीच्या) लगेच खाली. काचेचा तुकडा दोन्ही रॉडवर आडवा टेकवा. चारही ठिकाणी टेकला तर रॉड एका पातळीत आहेत. डुगडुगला तर एखादा वाकला आहे किंवा टीमध्ये पीळ बसला आहे. पुढचा टायर इंजिनच्या जास्तच जवळ वाटत असेल तर दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर मोजा. स्प्लेंडर प्लसचं ते १२३६ मिमी, पल्सर १५० च्या साध्या मॉडेलचं १३२० मिमी. चेन ताणल्याने मागचा आस थोडा सरकतो, म्हणून थोडा फरक धरायचाच.

चाक अधांतरी आहे तोवर शॉकअपला पेन्सिल टेकवून टोक रिमच्या कडेजवळ धरा आणि चाक फिरवा. बाजूला किंवा वर-खाली २ मिमीच्या वर हलत असेल तर रिम आउट आहे. तारांची रिम ओढून सरळ होते. अलॉयच्या कडेला चेप असेल तर आतून, वॉल्व्हच्या बाजूने, केसासारखी भेग शोधा. भेग असली तर ते चाक बदलायचंच. फिरताना घरघर आली तर बेअरिंग गेलं आहे. त्याचं कारण ठोकरच असेल असं नाही, पाणी शिरूनही ते जातं: २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात नागपूरच्या अंबाझरी लेआउट भागात कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या.

आता दोरी. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, हे ती दाखवते. इथे घाई केली तर उत्तर चुकीचं येतं.

आधी चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) दोन्ही बाजूंना, पिवोट बोल्टच्या (ज्यावर चिमटा वर-खाली हलतो त्याच्या) मध्यापासून मागच्या आसाच्या मध्यापर्यंत मोजा. चेन अॅडजस्टरच्या (चेन ताणायच्या स्क्रूच्या) खुणांवर विसंबू नका, त्या नेहमी अचूक नसतात. दोन्ही अॅडजस्टरमधलं अंतर साधारण २० सेंमी असतं. तिथे १ मिमी चूक झाली की १३०० मिमी पुढे, म्हणजे पुढच्या चाकापाशी, दोरी ६-७ मिमी भलतीकडे जाते. बऱ्याच "चेसिस वाकलेल्या" गाड्या एवढ्याच कारणाने वाकड्या दिसतात. फरक निघाला तर विकणाऱ्याच्या परवानगीने आधी तो काढा.

गाडी सरळ उभी हवी. दोरीचा मध्य मागच्या टायरच्या मागे ठेवून दोन्ही टोकं दोन बाजूंनी पुढच्या चाकाच्या पुढे न्या आणि विटांना बांधा. उंची जितकी वर मिळेल तितकी बरी; स्टँड आणि सायलेन्सर चुकवून बहुधा १०-१५ सेंमी मिळते. विटा हळूहळू आत सरकवा. दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये. मग पुढचं चाक असं फिरवा, की त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेपाशी दोरीची फट सारखी येईल. आता डावी-उजवी फट मोजा. मागचा टायर प्रत्यक्ष मोजून ११८ मिमी आणि पुढचा ८८ मिमी असेल तर दोन्हीकडे १५ मिमी यायला हवी. डावीकडे २२ आणि उजवीकडे ८ आली, तर पुढचं चाक ७ मिमी उजवीकडे आहे.

स्प्लेंडरसारख्या गाडीला दोन्ही टायर एकाच रुंदीचे, त्यामुळे दोरी पुढच्या टायरलाही चिकटते. एकाच पेन्सिलचे चार सारखे तुकडे करून मागच्या टायरच्या पुढच्या-मागच्या कडांना, दोन्ही बाजूंना टेपने उभे चिकटवा आणि दोरी त्यांच्यावरून न्या.

दोन्ही फटींत ४-५ मिमी फरक दोरीच्या मापात चालून जातो. १० मिमीच्या वर गेला तर कारण सापडल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढची रिम दोन्ही शॉकअपपासून सारख्या अंतरावर आहे का, हे बघा. नसेल तर तारा चुकीच्या ओढल्या आहेत किंवा आसावरचे स्पेसर (चाकाच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या नळ्या) उलटसुलट बसलेत. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. मागच्या चाकाचे स्पेसरही तसेच तपासा. सगळं जागेवर असूनही फरक राहिला, तर चिमटा किंवा चेसिस वाकलेली आहे.

दोरीला न दिसणारी एक चूक ओळंब्याला दिसते. ओळंबा मागच्या चाकापाशी धरून ते अगदी उभं करा, मग हँडल सरळ ठेवून पुढचं चाक बघा. मागचं उभं आणि पुढचं कललेलं, म्हणजे पीळ. हा पीळ चेसिसमध्ये किंवा चिमट्यात असला तर गाडी सोडून द्या. प्रेसवर सरळ करून देणारे भेटतात, पण एकदा मुडपलेली नळी पुन्हा पहिल्यासारखी राहत नाही.

चालवून बघताना ३०-४० च्या वेगात हँडल सैल धरा, सोडू नका. जागा निवडून घ्या: सिमेंट रस्त्याच्या दोन पट्ट्यांमधल्या सांध्यावर बारीक टायर आपोआप भरकटतो, आणि रस्त्याच्या डाव्या उताराला कुठलीही गाडी डावीकडे ओढते. सकाळी सिव्हिल लाइन्समध्ये सपाट, रिकामा रस्ता सापडतो. सरळ जाताना हँडल वाकडं धरावं लागतं का, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला जाते का, एवढंच बघायचं.

कागदांत एक गोष्ट लोक बघतच नाहीत: विम्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. विनाक्लेम वर्षांगणिक तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. एकाच मालकाच्या चार-पाच वर्षांच्या गाडीच्या पूर्ण विम्यावर तो शून्य असेल तर मागच्या वर्षी क्लेम झाला आहे किंवा विमा मध्ये तुटला होता. विचारा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर यातून काही कळत नाही. नागपूरची गाडी एमएच ३१ असो, ४० असो की ४९, एमपरिवहन अॅपवर आरसी आणि कर्जाचा बोजा बघा, आणि चेसिस नंबर अक्षर-अक्षर जुळवा. नंबराभोवती घासल्याच्या खुणा किंवा अक्षरं खालीवर असतील तर व्यवहार तिथेच थांबवा.

दोरी बरोबर, ओळंबा बरोबर, फक्त चाक सरळ असताना हँडल तिरपं, असं निघालं तर घाबरू नका. हँडल वाकलेलं नसेल तर बहुधा शॉकअप टीमध्ये फिरलेले असतात. पुढचा आस, मडगार्डचे बोल्ट, वरच्या आणि खालच्या टीचे बोल्ट ढिले करा, चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल पिळून सरळ आणा. टीचे बोल्ट आवळा. मग पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाचदा दाबा आणि शेवटी आस आणि मडगार्ड आवळा. काच पुन्हा टेकवून बघा. अजूनही डुगडुगत असेल तर रॉड किंवा टी वाकलेली आहे, आणि तो खर्च विकणाऱ्याच्या भावातून कापून घ्यायचा.