एमजीबीचे टॅपेट आणि नवाची बेरीज
माझी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६७ची, ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. इथे बर्मिंगहॅममध्ये तिचे टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) आणि त्यांना दाबणारे दांडे (रॉकर) यांच्यातली फट, मी घराच्या दारातच सेट करतो.

आधी गाडी वीसेक मिनिटं फिरवून आणा. मोजमाप गरम इंजिनवरच घ्यायचं. मग चारही स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. गाडी टॉप गिअरला टाकून हळूच ढकलली की झालं. इंजिनाचं वरचं झाकण दोनच नटांवर असतं, तेही काढा.

आता गंमत. व्हॉल्व्ह आठ, पुढून मोजायचे. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा. बेरीज नेहमी नऊ! मी खडूने झाकणावरच लिहून ठेवतो, कारण मधेच चहाला बोलावणं आलं की हिशेब चुकतो.

गॅप ०.०१५ इंच. अर्धा इंची रिंग पान्याने रॉकरवरचा लॉकनट सैल करा, त्यातला स्क्रू फिरवा. फीलर गेजची (ठरलेल्या जाडीच्या मोजपट्ट्यांची) पट्टी त्या फटीतून ओढताना बोटांना किंचित अडखळ जाणवली पाहिजे, लोण्यातून सुरी ओढल्यासारखी. नट आवळताना स्क्रूड्रायव्हर घट्ट धरा, नाहीतर स्क्रूही फिरतो. पट्टी परत घालून बघाच; पहिल्यांदा मी पाहिली नव्हती आणि आठही पुन्हा करावे लागले.

थोडी टिकटिक राहिली तर राहू द्या. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो.

झाकण बसवताना कॉर्कची गॅस्केट नवी घ्या आणि नट बेताने आवळा. जोर लावलात की तेल गळलंच.