पिकअपच्या चेंबरखाली घरचा गार्ड: पत्रा कोणता, माप कसं, बसवायचा कुठे

चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, दगडानेच जातं असं नाही. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी तिरपी छाटली, की वावरात उरलेले खुंट वाळून भाल्याच्या टोकासारखे होतात. त्यांनी लोखंडी चेंबर फुटणार नाही. पण सेन्सरची वायर तुटते, स्टिअरिंगचा रबरी बूट फाटतो आणि कंपनीने इंजिनखाली दिलेलं प्लास्टिकचं कव्हर कधी गळून पडलं ते ड्रायव्हरला कळतही नाही. दगडाचं काम पुढे, सातपुड्याकडच्या वाटेला. आणि केळीच्या बागांकडे जाणाऱ्या गाडरस्त्यांवर तिसरीच भानगड: ट्रॅक्टरने पावसाळ्यात पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात टणक होतात, आणि दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा भरल्या पिकअपच्या पोटाला थेट घासतो.

माझं चोपड्याला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, शेड, ट्रॉल्या हे रोजचं काम. कापणीच्या हंगामात मात्र “भाऊ, चेंबरखाली एक जाड पत्रा ठोकून द्या” म्हणत पिकअपवाले येतात. माझं भांडण त्या ‘जाड’शी आणि ‘ठोकून’शी आहे. गार्डचं काम गाडी अडथळ्यावरून सरकवण्याचं. त्यासाठी तो नीट वाकवलेला हवा, आणि दहा-पंधरा मिनिटांत खोलता आला पाहिजे. जो गार्ड खोलायला तास लागतो, त्याच्या मालकाची ऑइल बदलायची तारीख पुढे पुढे ढकलली जाते. मग इंजिन दगडाने नाही, तर काळ्या ऑइलने जातं.

पत्रा घेताना

साधा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा, ४ मिमी. घाटरस्ता नसेल, फक्त शेतशिवार असेल, तर ३ मिमी पुरतो. लोक ६ मिमी मागतात, त्यांना मी हिशेब करून दाखवतो. लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, यांचा गुणाकार करून त्याला ७.८५ ने गुणा. वजन किलोत येतं. ७५ सेंमी बाय ६० सेंमीचा ४ मिमी पत्रा १४ किलोच्या आसपास, ६ मिमीचा २१. हा हिशेब पाठ असला की भंगारच्या दुकानात काट्यावरही कुणी फसवत नाही.

जाडी वाढवली की ताठपणा वाढतो हे खरं, पण पत्र्याच्या दोन्ही बाजू ३० मिमी वर वळवल्या तर तोच ४ मिमी सपाट ६ मिमीपेक्षा कितीतरी ताठ होतो, आणि वजन वाढतं ते नावापुरतं. म्हणून पैसे पत्र्यात घालण्यापेक्षा वाकवण्यात घाला.

चकर पत्रा नको. त्याची नक्षी खाली आली तर दगडाला अडते, वर आली तर चिखल धरते. गॅल्व्हनाइज्ड पत्राही नको. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. तोच घरात पडून असेल, तर जोडाच्या जागचं जस्त आधी ग्राइंडरने काढा आणि काम उघड्यावर करा. ॲल्युमिनियम हलकं, ६ मिमीचंही लोखंडाच्या ४ मिमीच्या निम्म्या वजनाचं, पण त्याला टिग वेल्डिंग लागतं आणि धारदार दगडावर ते कुरतडलं जातं.

माप

गाडी सपाट, कडक जमिनीवर. हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. जॅकने उचला, पण जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा आणि गाडी हाताने हलवून बघा. विटांचा ढीग म्हणजे घोडी नव्हे.

आता पुठ्ठा. आपल्याकडे केळी भरायची खोकी सगळीकडे मिळतात, त्यांचा पुठ्ठा जाड आणि ताठ असतो. तो इंजिनखाली धरून पुढच्या क्रॉस मेंबरपासून (चेसिसच्या आडव्या दांड्यापासून) चेंबरच्या मागे, गिअरबॉक्सच्या सुरुवातीपर्यंत कापत-चिकटवत जा. पुठ्ठ्यावर पाच गोष्टी उतरवा: चेंबरचा सगळ्यात खालचा भाग, ऑइल काढायचा बोल्ट, फिल्टर, सायलेन्सरचा पाइप, आणि चेसिसला आधीपासून असलेली भोकं. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून रॉड कुठवर येतात तेही बघा. पुढे सस्पेन्शन खाली-वर होणार आहे, त्याची जागा सोडा.

गार्ड आणि चेंबर यांच्यात २५ मिमीची फट ठेवा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, क्लच सोडताना ते डोलतं. शिवाय दगड लागला की पत्राही वर दबतो. फट कमी पडली तर गार्ड असूनही चेंबर चेपेल. आणि लोखंडी चेंबर चेपलं की ते फुटण्यापेक्षा वाईट, कारण आत ऑइल ओढणाऱ्या जाळीचं तोंड तळाच्या अगदी जवळ असतं. तळ वर आला की पंपाला ऑइल कमी पडतं. जमिनीवर एक थेंब सांडत नाही आणि बेअरिंग मात्र वाजायला लागतात. ओतीव ॲल्युमिनियमच्या चेंबरचं उलट: ते चेपत नाही, सरळ तडकतं. दोन्हीकडे ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करायचं. “गावापर्यंत नेतो” म्हणून नेलेली गाडी पुढे बोअरपर्यंत खर्च काढते.

कापणं आणि वाकवणं

गॅस कटरने पत्रा तापून वाकडा होतो. चार इंची ग्राइंडर आणि कटिंग व्हील बरं. कडा घासून बोथट करा, नाहीतर पुढच्या वेळी मेकॅनिकचा हात कापेल आणि शिव्या तुम्हाला बसतील.

पुढची कड ३० ते ३५ अंश वर जायला हवी, म्हणजे ती उंचवट्यात नांगराच्या फाळासारखी घुसत नाही. दोन्ही बाजू थोड्या वर. मागची कडही बोटभर वर घ्या. हे बहुतेक जण विसरतात, आणि गाडी रिव्हर्स घेताना मागची कड मातीत रुतून गार्ड उलटा सोलला जातो.

प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं मशीन) असलेली दुकानं जळगावच्या एमआयडीसीत आहेत. पुठ्ठ्यावर रेघा आणि अंश लिहून नेले तर काम झटपट होतं. गावातच करायचं असेल तर वाकवायच्या रेघेवर ग्राइंडरने पत्र्याच्या निम्म्या जाडीची खाच पाडा. खाच वरच्या, म्हणजे इंजिनाकडच्या अंगाला. मग दोन अँगलमध्ये पत्रा शिकंज्याने आवळून वर वाकवा. खाच मिटत जाते, ती वरून वेल्डिंगने भरून घ्या. खालचं अंग गुळगुळीत राहतं, आणि घासणार तेच अंग आहे. रॉड ३.१५ मिमीचा, करंट ११० अँपिअरच्या आसपास. एका दमात लांब ओढू नका. दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे, असं थंड होऊ देत करा.

ऑइलच्या बोल्टखाली ६० ते ७० मिमीचं गोल भोक पाडा. हवेसाठी आणि चिखल-पाणी निघण्यासाठी चेंबरच्या मागच्या भागात लांबट फटी ठेवा, २० मिमी रुंद. फटी गाडीच्या लांबीच्या दिशेने हव्यात; आडव्या फटीच्या कडेला दगड अडकतो. आणि २० पेक्षा रुंद केल्या तर ते पऱ्हाटीचे खुंट आत शिरतात, ज्यांच्यापासून वाचायला हे सगळं चाललंय.

बसवणी

इथे मी कुणाचं ऐकत नाही. चेसिसला वेल्डिंग नाही. भरल्या गाडीची चेसिस खड्ड्यात पिळली जाते, वेल्डिंगच्या उष्णतेने कडक झालेल्या जागेशेजारी चीर सुरू होते आणि ती रंगाखाली दिसत नाही. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीत नवीन भोकंही पाडायची नाहीत. जी भोकं कंपनीने दिली आहेत तीच वापरा, आणि त्यांच्यापर्यंत ४० बाय ४० च्या ५ मिमी अँगलचे चार ब्रॅकेट करा. सस्पेन्शनच्या आर्मला, स्टिअरिंगच्या भागाला, इंजिनला ब्रॅकेट जोडायचा नाही. गार्ड चेसिसशीच बांधलेला हवा.

बंद पेटीच्या चेसिसमध्ये आत नट धरायला हात जात नाही. त्यासाठी २५ बाय ५ ची पट्टी घ्या, एक वीत लांब. तिला मधोमध ११ मिमीचं भोक पाडून त्यावर एम१० चा (१० मिमी बोल्टचा) नट वेल्ड करा. नटाच्या आट्यांत शिंतोडे जाऊ नयेत म्हणून वेल्डिंगच्या वेळी त्यात जुना बोल्ट फिरवून ठेवा. पट्टीच्या एका टोकाला बांधायच्या तारेचा दांडा लावा. चेसिसच्या शेजारच्या मोठ्या भोकातून ही पट्टी आत सरकवायची, तारेने पुढे-मागे करत नट खालच्या भोकावर आणायचा, बोल्ट दोन आटे धरला की तार वाकवून बाहेर अडकवायची. पुढच्या वेळी गार्ड खोलताना पट्टी आत हरवत नाही. आत ब्रेकचा पाइप किंवा वायरिंग जातंय का, हे पट्टी घालण्याआधी टॉर्च लावून बघायचं.

बोल्ट एम१०, डोक्यावर ८.८ (ताकदीची खूण) कोरलेले, नायलॉक (आपोआप ढिला न होणारा) नट नाहीतर स्प्रिंग वायसर. पुढचे दोन पक्के. मागच्या दोघांना भोकं लांबट आणि मध्ये जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा किंवा टायरचा रबरी तुकडा, म्हणजे चेसिस पिळली तरी गार्ड तिच्याशी कुस्ती खेळत नाही. रबराच्या भोकात पाइपचा छोटा तुकडा बुश म्हणून घाला. तो नसेल तर रबर दबत जातं आणि बोल्ट आपोआप ढिला होतो. बोल्टांची डोकी खाली येत असतील तर दोन्ही बाजूंनी १० मिमी चौकोनी सळई गाडीच्या लांबीच्या दिशेने वेल्ड करा. घासेल ती सळई, डोकी शाबूत राहतात आणि सतराचा पाना पुढच्या वर्षीही बसतो.

ब्रॅकेटचं वेल्डिंग गाडीखाली नव्हे, बाकड्यावर करा. नाइलाजाने गाडीवर टाका मारायचाच झाला तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीएमचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) सॉकेट सोडवा, अर्थिंग टाक्याच्या अगदी जवळ लावा, आणि डिझेलच्या नळीवर ओलं पोतं टाकून शेजारी वाळूची बादली ठेवा.

रंगाआधी एकदा कोरा गार्ड चढवून बघा. फट खरंच २५ मिमी आहे का, हे खाली पडून डोळ्याने कळत नाही. काळ्या मातीचा ओला गोळा करा, लिंबाएवढा, आणि चेंबरच्या सगळ्यात खालच्या भागाखाली गार्डवर ठेवून बोल्ट आवळा. गोळा दबून फटीएवढा होतो. आता इंजिन चालू करून दोन-चार वेळा रेस द्या, क्लच-ब्रेक धरून पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये गाडी हलकीशी ओढू द्या (समोर-मागे कुणी उभं नको), मग बंद करून गार्ड उतरवा. गोळ्याची जाडी पट्टीने मोजा. १५ मिमीच्या खाली आली असेल तर ब्रॅकेटखाली वायसर घालून गार्ड उतरता घ्या. असाच गोळा सायलेन्सरच्या पाइपाशेजारीही लावायचा. मातीवर पाइपाचा ठसा उमटला असेल, तर पुढे तो खडखडाट रस्ताभर तुमच्या कानाशी असणार.

मग रेड ऑक्साइडचे दोन हात, वर इनॅमल. आतल्या अंगाला जुनं ऑइल फासायची पद्धत आहे, ती सोडा. धूळ धरते आणि आगीला निमित्त मिळतं.

आगीचं जरा गंभीरपणे घ्या. बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरमधला फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, तेव्हा आतला धूर ६०० अंशांच्या घरात जातो. तो भाग गार्डने कधीही झाकायचा नाही. एप्रिल-मेमध्ये बागेतून निघताना वाळलेली केळीची पानं गार्डच्या मागच्या कडेत जाऊन बसतात. बाहेर पंचेचाळीसचा पारा आणि आत हे. कापणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी वाकून तेवढा पाला ओढून काढायचा. पावसाळ्यात पाल्याच्या जागी चिखल. काळी माती सुकली की छिन्नीने काढावी लागते, म्हणून ओली असतानाच पाण्याचा पाइप मारा.

कागदपत्रांचं थोडक्यात: गार्ड बंपरच्या पुढे किंवा बाहेर डोकावता कामा नये. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी नळ्यांच्या गार्डवर) कारवाई करायला सांगितलं ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन. पोटाखालचा पत्रा ही वेगळी गोष्ट, पण पुढे नळ्या जोडून त्याचा बुलबार करू नका. एअरबॅगच्या गाडीत पुढच्या सेन्सरजवळ काहीच जोडायचं नाही. गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

गार्डने चेंबर, फिल्टर, गिअरबॉक्सचं तोंड एवढंच वाचतं. मागच्या अ‍ॅक्सलचा मधला गोळा, ज्यात क्राउन-पिनियन हे गिअर असतात, तो तितकाच खाली असतो आणि अ‍ॅक्सलबरोबर हलतो. त्याला हा पत्रा काही करू शकत नाही. चाकोरी खोल दिसली तर एक चाक मधल्या उंचवट्यावर चढवून गाडी तिरपी काढायची, गार्ड असो वा नसो.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चारही बोल्ट पुन्हा आवळा, नंतर दर ऑइल बदलाला. मोठा ठोका बसून पत्रा आत गेला असेल तर उतरवून उलटा टाका आणि लाकडी ठोकळा मध्ये ठेवून घणाने काढा. वाकवलेल्या रेघेवर चीर दिसली तर ती ग्राइंडरने पूर्ण उघडून, दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडून मगच भरा. वरवर भरलेली चीर पुढे सरकतेच. दोन जादा बोल्ट आणि एक नटपट्टी सीटखालच्या डब्यात ठेवा. सातपुड्यातल्या पाड्यावर ८.८ चा बोल्ट मिळत नाही.